रिकामे चार खाने

१

नोटीस बोर्डावरच्या कागदात तीनच ओळी होत्या आणि तिसऱ्या ओळीत 'चोरी' हा शब्द होता. संगणक विभागाच्या शेवटच्या वर्षातल्या सुकन्याने वर्गमित्र अमरसिंह याच्या प्रकल्पाची चोरी केल्याचे प्रथमदर्शनी दिसते. आज दुपारी तीनला चौकशी समिती. तोवर तिला प्रयोगशाळा बंद.

वनमालाने कागद दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रथमदर्शनी म्हणे! कुणी बघितलं होतं ते दर्शन? परळीच्या अलीकडे, वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक धडधडत जातात त्या रस्त्याला हे कॉलेज. संस्थेचे सचिव विजयसिंह, आणि अमरसिंह त्यांचा एकुलता एक. वर्षभर पोरगं प्रयोगशाळेत फिरकलं ते फक्त फोटो काढायला. आणि सुकन्या आष्टीकडच्या ऊसतोड्या आई-बापाची पोर, जिला सुट्टीच्या दिवशी शिपायाने हाकलल्याशिवाय खुर्ची सोडवत नसे.

"मॅडम, बरं झालं भेटलात," प्राचार्य मागून म्हणाले. "दोन्ही फाईली तुमच्या टेबलावर ठेवल्यात. तीनच्या आत अहवाल द्या. सारख्या आहेत एवढं लिहायचं आणि सही करायची."

"मी गणित शिकवते, सर. हे हार्डवेअरचं काम."

"म्हणून तर तुम्ही. हार्डवेअरवाले शिवशंकर सर तिचे गाईड, त्यांना कसं सांगणार?" प्राचार्य हसले. शिवशंकर सर म्हणजे वनमालाचा नवरा. "आणि हे पण घ्या. गेल्या महिन्यात अंतर्गत गुण उशिरा भरलेत. मेमो आहे. लेखी खुलासा आजच पाहिजे."

तिच्या हातात दुसरा कागद आला. बारा वर्षं तासिका तत्त्वावर घासायची, वर मेमो घ्यायचे. नवऱ्याची अकरा वर्षं तशीच गेलेली. दात-ओठ खात तिने मेमो पर्समध्ये कोंबला.

टेबलावर दोन्ही फाईलींच्या प्रती होत्या. सुकन्याची फाईल पंचवीस ऑगस्टची. अमरसिंहची दोन ऑगस्टची.

तारीख तर पोरीच्या विरोधात होती.

२

सुकन्या प्रयोगशाळेच्या बाहेर पायरीवर बसली होती, मांडीवर जुना लॅपटॉप. रडून झालं होतं. आता नुसतेच लाल डोळे.

"तू चोरलंस?" वनमालाने सरळ विचारलं.

"न्हाई."

"मग मला सगळं पहिल्यापासून सांग. अडाण्याला सांगतेस असं समज."

पोरीने नाक पुसलं. "मॅडम, कॉम्प्युटरात खरं वाटणारं चित्र काढायचं तर पडद्यावरच्या एकेका ठिपक्यातून एकेक किरण सोडावा लागतो. तो कशाला धडकला, तिथनं कुठं उसळला, सावली कुठं पडली, ह्ये सगळं मोजायचं. लाखो किरण. मग वस्तू पेट्यांत घालून ठेवत्यात. मोठ्या पेटीत लहान पेटी, तिच्यात आणखी लहान. किरण पेटीला लागलाच न्हाई तर आतलं बघायचंच न्हाई."

"बरं. मग अडलं कुठं?"

"हिशेबाला येळ लागतच न्हाई. येळ जातोय ती पेटी मेमरीतून आणण्यात. एक किरण आला, पेटी आणली, ठेवून दिली. दुसरा आला, तीच पेटी परत आणली. वीज तिथंच जळती."

"आणि तू काय केलंस?"

"आमच्या आष्टीच्या स्टँडवरची काळीपिवळी केली." पहिल्यांदाच तिचा आवाज सरळ झाला. "जीप भरल्याबिगर ड्रायव्हर निघतो का? तसं. ज्या किरणांना एकाच पेटीत जायचंय त्यांना दाराशी थांबवायचं. सगळ्या सीटा भरल्या की पेटी एकदाच आणायची आणि सगळ्यांचं काम एका फेरीत उरकायचं. चित्र तेच, मेमरीच्या फेऱ्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्या."

वनमालाने तिच्याकडे बघितलं. एवढं साधं, आणि शहरातल्या कुणाला सुचलं असतं की नाही देव जाणे.

"हे कुणाला दिलं होतंस?"

"बाहेरच्या कुणालाच न्हाई. लॅपटॉप तर मी उशाला घेऊन झोपते."

"आज निकाल विरुद्ध गेला तर?"

"ह्या कामावर चिपच्या स्पर्धेत नाव दिलंय, त्यातनं जाईल. बंगळूरवाले जिंकणाऱ्याची खरीखुरी चिप बनवून देणारेत, दोन वर्षं तिथं शिकायला ठेवणारेत. त्ये जाईल. कॉलेजातनंबी काढतील." तिने लॅपटॉप मिटला. "दिवाळीनंतर टोळी निघती, मॅडम. मुकादम एकट्या पोरीला घेत न्हाई, कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागती. बाबांनी पोरगा बघून ठेवलाय. म्हणले, शिकणं बंद झालं तर लगीन करून कोयता घे."

 वनमाला तिच्या शेजारून ताडकन उठली.

"तुझ्या जीपला सीटा किती?"

"सोळा. लॅबातल्या ज्या सर्किट बोर्डावर मी ह्ये चालवते, त्याला मेमरीच्या चार पट्ट्या, एकेका पट्टीत चार खाने. खाना म्हंजे एक सीट."

टेबलाशी परत येऊन वनमालाने अमरसिंहची फाईल उघडली. ओळीमागून ओळ तीच, नावं तेवढी बदललेली. पण सीटांच्या जागी सोळा नव्हते.

तिथे बारा होते.

३

"सुकन्यानं माझे बारा बदलून सोळा केले, म्हणजे ओळखू येऊ नये म्हणून," अमरसिंह म्हणाला. कॅन्टीनमध्ये तो दोन खुर्च्यांवर पसरून बसला होता, एकीवर स्वतः, दुसरीवर पाय. "साधी गोष्ट आहे, मॅडम. डोकं लावायची गरजच नाही."

"पाय खाली घे."

त्याने घेतले, पण सावकाश.

"तू काम कशावर केलंस?"

"घरच्या बोर्डावर. पप्पांनी नवीन मागवला. कॉलेजचा भंगार बोर्ड कोण वापरतंय?"

"त्यात मेमरीचे खाने किती?"

"अहवालात लिहिलंय की." तिने अहवाल पुढे सरकवल्यावर त्याने वाचून सांगितलं, "सोळा."

"मग चार रिकामे का ठेवलेस?"

"कोणते चार?"

"सोळातले बारा वापरलेस. चार खाने प्रत्येक फेरीला रिकामे जातात. वीज वाचवायची म्हणून सगळा खटाटोप, आणि जीप चार सीटा मोकळ्या ठेवून सोडायची? का बे?"

तिच्या तोंडून 'बे' निघून गेला आणि कॅन्टीनमधली दोन टेबलं गप्प झाली. अमरसिंहचे कान लाल झाले. "प्रयोग करून बघितले मी. बाराच बरोबर आला."

"किती प्रयोग? सोळाला काय उत्तर आलं? चौदाला?"

"माझे पप्पा तीन वाजता येतायत. त्यांनाच विचारा."

वनमाला तिथून निघाली. पोराला एक कानाखाली द्यावी असं इतकं वाटलं की तिने दोन्ही हात पर्सच्या पट्ट्यात अडकवून ठेवले. ह्याला स्वतःच्या यंत्रातल्या सीटा ठाऊक नाहीत! फाईल दुसऱ्याची होती यात तिला शंका उरली नाही. पण शंका नसणं म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय सुकन्याच्या फाईलीत बारा नव्हतेच, मग हे बारा आले कुठून?

प्रयोगशाळा सहायक भागवत कपाटाशी केबल गुंडाळत होता. किल्ली त्याच्याकडे असे, म्हणून सकाळपासून जो तो त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघत होता.

"मॅडम, मी काय बी केलेलं न्हाई," तो आधीच म्हणाला. "माझ्या दोन पोरी हायेत. मी कावून असलं करीन?"

"भागवत, या बोर्डाचे चार खाने कधी बंद पडले होते का?"

तो केबल धरून तसाच उभा राहिला. "तुमाला कोणी सांगितलं?"

"पडले होते?"

"ऑगस्टात. एकोणीस तारखेला आपल्या कॉलेजचा ट्रान्स्फॉर्मर उडाला न्हाई का? लॅबचा मोठा कॉम्प्युटर गेला आणि बोर्डाची एक पट्टी मेली. वरती कळवलं आसतं तर माझ्याच पगारातून कापलं आसतं, म्हणून गप बसलो. पोरगी लई हुशार. म्हणली, काका, राहू द्या, मी बारावर भागवते. तिच्या लॅपटॉपला बोर्ड जोडून तीन दिवस बसलती."

"मग?"

"मग तेवीस तारखेला मी पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी दातांवर पोरांचं खोडरबर घासलं. घास घास घासलं. काळं निघालं आणि पट्टी जित्ती झाली!" भागवतला आता हसू फुटलं. "दुकानवाला आसं केल्यावर दीडशे घेतो, मॅडम. पोरगीनं लगेच परत सोळा केले."

वनमाला स्टुलावर बसली. बारा सीटांची फाईल जगात फक्त तीन दिवस होती, वीस ते तेवीस ऑगस्ट. मग अमरसिंहच्या फाईलीवर दोन ऑगस्ट कुठून आलं? पट्टी मेली एकोणीसला. जे खाने अजून मेलेच नव्हते ते सतरा दिवस आधी कुणी कशाला सोडून दिले असते?

तारीख खोटी होती. कुणीतरी संगणकाचं घड्याळ मागे नेऊन ती फाईल ठेवली होती. आणि तो कोण, हे शोधायला तिच्याकडे पाऊण तास होता.

४

तिने पहिलं काम भलतंच केलं. प्राचार्यांचा शिपाई दोनदा येऊन गेला होता, खुलासा द्या, खुलासा द्या. एकदाचं थोबाडावर मारावं म्हणून तिने कोरा कागद ओढला आणि रागारागाने लिहायला लागली.

'दि. २२ ऑगस्ट रोजी मी घरून गुण भरण्याचा प्रयत्न केला असता विद्यापीठाची वेबसाईट उघडली नाही. घरच्या संगणकाची तारीख चुकीची असल्याची सूचना येत होती. तारीख वीस दिवस मागे, २ ऑगस्ट, दाखवत'

पेन तिथेच थांबलं.

दोन ऑगस्ट. त्या दिवशी ती नवऱ्यावर ओरडली होती, या डब्याला काय झालंय म्हणून. शिवशंकर आतून म्हणाला होता, आतला सेल गेला असेल, उद्या बघतो. दुसऱ्या दिवशी सगळं नीट होतं. सेल बदलल्याचं तिने बघितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. कोण विचारतं?

 ती उठून पायरीपाशी गेली.

"सुकन्या, बारा सीटांची फाईल तू कुणाला दिलीस?"

"बाहेरच्या कुणाला न्हाई मॅडम, सांगितलं की."

"बाहेरच्यांचं विचारत नाही मी."

पोरीच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटला. "सरांना दिलती. वीस तारखेला, पेनड्राइव्हमधी. तेच म्हणले, बघतो कसं जमलंय. नंतर माझ्याकडनं मी ती पुसून टाकली, सोळाची झाल्यावर जुनी कावून ठेवायची? पण मॅडम, सर गाईड हायेत. सर काय बाहेरचे हायेत व्हय?"

वनमालाने मनात हिशेब मांडला. लॅबचा संगणक त्या तीन दिवसांत बंद होता, म्हणजे भागवतकडे बाराची प्रत असणं शक्य नव्हतं. कॉलेजकडे गेली ती सोळाची फाईल. लॅपटॉप पोरीच्या उशाला. उरला एक पेनड्राइव्ह आणि एक घर. तिचंच घर.

शिवशंकर स्टाफरूममध्ये एकटाच पेपर तपासत होता. तिने दार लावून घेतलं आणि खुलाशाचा अर्धा लिहिलेला कागद त्याच्या पुढ्यात टाकला. त्याने वाचला. चष्मा काढला.

"कुणाला बोललीस?"

तो 'काय हे' म्हणाला नाही. 'मी नाही' म्हणाला नाही. कुणाला बोललीस! वनमालाच्या डोक्यात घण पडला.

"लेकरासारखी पोर ती. गावाकडून आली की तुमच्यासाठी भाकरी बांधून आणायची."

"खाली बस. ऐक आधी." त्याचा आवाज बारीक झाला. "सचिवांनी शब्द दिलाय. जूनपासून मी कायम. आणि तू पण, वनमाला. दोघांच्या ऑर्डरी तयार आहेत, मी डोळ्यांनी बघितल्यात. अकरा वर्षं मी काय करतोय? तासाचे पैसे मोजतोय. ती पोर हुशार आहे, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी करेल."

"पुढच्या वर्षी ती ऊस तोडत असेल."

"मग असं कर. तारीख खोटी आहे म्हण. ते सिद्ध होतंय ना? म्हण. पोरगी सुटेल. फक्त फाईल कुणी दिली ते... भागवतकडे किल्ली आहे. सगळ्यांना त्याचाच संशय आहे. सहायकाची नोकरी काय, कुठंही मिळते."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत वनमालाने नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"तुला लाज वाटत नाही?" ती म्हणाली. "त्या माणसाला दोन मुली आहेत. तुला जराही लाज वाटत नाही का रे?"

बाहेर शिपायाने दार वाजवलं. समिती बसली होती.

५

सभागृहात मधोमध विजयसिंह. पांढरे कपडे, हातात दोन फोन. एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला अमरसिंह. भिंतीवरच्या पडद्यावर बंगळुरूच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई होत्या, मूळच्या नांदेडकडच्या, त्यामुळे मराठी त्यांना येत होती. सुकन्याला दाराजवळ उभं केलं होतं. भागवत तिच्यामागे. शिवशंकर मागच्या रांगेत येऊन बसला आणि त्याने मान खाली घातली.

"मॅडमचा अहवाल आला की संपवू," विजयसिंह म्हणाले. "मला नारायणगडला कार्यक्रम आहे."

"अहवाल लेखी नाही. तोंडी देते," वनमाला म्हणाली.

तिने फळ्यावर तीन तारखा लिहिल्या. दोन, एकोणीस, तेवीस. मग लॅबमधून आणवलेला बोर्ड उघडून चारही पट्ट्या दाखवल्या. भागवतला सांगायला लावलं. तो अडखळला, घाबरला, पण खोडरबरापर्यंत सगळं बोलला. परीक्षक बाईंनी मध्येच चष्मा पुढे सरकवला.

"थांबा. म्हणजे बाराचा आकडा डिझाइनचा नाहीच? एका बिघाडाचा आहे?"

"हो. आणि तो बिघाड फक्त या एका बोर्डावर झाला, फक्त तीन दिवस. अमरसिंहच्या नव्या बोर्डावर कधीच नाही. त्यानं बिघाड घडायच्या सतरा दिवस आधी त्यावर उपाय करून ठेवला. एक तर तो ज्योतिषी आहे, नाहीतर तारीख खोटी आहे."

"पप्पा, मला काय माहीत? मला जशी दिली तशी मी..." अमरसिंह बोलून गेला आणि मग त्याने ओठ मिटले. फार उशिरा मिटले.

विजयसिंहांनी एक फोन टेबलावर पालथा ठेवला. मोठा माणूस, लगेच पवित्रा बदलला. "बरं. पोरं आहेत. चुका होतात. आपण दोघांची नावं एकत्र लावू. सुकन्या, तुझं नाव राहतंय बाळा. चालेल ना?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या मानेवर घाम दिसत होता.

"न्हाई," सुकन्या म्हणाली. आवाज फुटला, पण शब्द नीट आला. "त्याला सीटा किती ते बी माहीत न्हाई. त्याचं नाव कावून लावू?"

परीक्षक बाई म्हणाल्या, "प्रवेशिका एकाच व्यक्तीची राहील. सुकन्याची. पण प्राचार्य, मला एका गोष्टीचा लेखी जबाब लागेल. फाईल बाहेर कुणी दिली? ते कळल्याशिवाय मी हे प्रकरण बंद करू शकत नाही, आणि तोवर तिची प्रवेशिकाही अडून राहील."

"ते उघड आहे की," विजयसिंह म्हणाले. त्यांची नजर दाराकडे गेली, भागवतवर थांबली. "किल्ली कुणाकडे असते?"

भागवतने दाराची चौकट धरली. "साहेब, देवाची आण..."

"तू गप्प बस." मग विजयसिंह वनमालाकडे वळले आणि अगदी मायेने बोलले. "मॅडम, तुम्ही हुशार आहात. जूनमध्ये आपल्याला कायम माणसं घ्यायची आहेत. नीट विचार करा आणि लिहा."

काय पण माणसं ही! दुसऱ्याची पोर खाऊन झाली, आता गरीब माणूस तोंडी लावायला पाहिजे. आणि हे सगळं तिच्या नावाने, तिच्या भल्यासाठी, तिच्याच सहीने व्हायला पाहिजे. वनमालाचा राग आता इतका वर गेला होता की तिचा आवाज उलट खाली आला.

"भागवतनं दिली नाही," ती म्हणाली. "लॅबचा संगणक तेव्हा जळालेला होता. त्याच्याकडे ती फाईल असूच शकत नाही. वीस ऑगस्टला ती पेनड्राइव्हमध्ये एकाच माणसाकडे गेली. बावीस ऑगस्टला त्या माणसाच्या घरचा संगणक दोन ऑगस्ट दाखवत होता. मी बघितलाय. मीच त्याच्यासमोर बसले होते."

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. कुणीतरी "वनमाला" म्हणालं. तिने मागे बघितलं नाही. सुकन्याने मात्र बघितलं. तिला कळलं तेव्हा तिचं तोंड उघडं राहिलं, आणि ती "सर?" एवढंच म्हणाली.

प्राचार्यांनी जबाबाचा छापील कागद पुढे सरकवला.  वनमालाने उभ्या उभ्याच लिहिलं. घटना, तारखा, फाईल देणाऱ्याचं पूर्ण नाव. शिवशंकरचं नाव तिने वडिलांच्या नावासकट लिहिलं, लग्नाच्या पत्रिकेत होतं तसं.

शेवटी एक रकाना होता. 'सदर व्यक्तीशी आपले नाते.'

  तिथे तिने पेन इतकं दाबलं की कागद फाटायला आला, आणि लिहिलं, 'पत्नी'.

खाली सही केली आणि कागद प्राचार्यांपुढे ठेवला.

"याची एक प्रत मला द्या," ती म्हणाली. "शिक्का मारून. मला वकिलाकडे लागणार आहे."